सात नंबरची फट

सोमवार, ३ मार्च

आले एकदाची. धाकटा स्टेशनवर हातगाडी घेऊन उभा होता. माझी ट्रंक उचलताना त्याने विचारलं की यात कपडे आहेत की प्रयोगशाळेतली एखादी लोखंडी पेटी उपटून आणली आहे. मी म्हटलं, पुस्तकं आहेत, तुझा त्यांच्याशी कधी संबंध आला नाही म्हणून जड लागतायत. घरी पोचेपर्यंत आमची तोंडं बंद नव्हती. अकरा वर्षांनी लहान आहे माझ्याहून, पण वाद घालायला बसला की माझाही आजोबा होतो.

घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या रांगेतलं. भावजयीने मागची खोली माझ्यासाठी रिकामी केली आहे. फळीवर वर्तमानपत्र अंथरलंय आणि खिडकीला धुतलेला पडदा लावलाय. खिडकीतून खाणीच्या तोंडावरचं मोठं चाक दिसतं. ते फिरलं की पिंजरा खाली गेला किंवा वर आला समजायचं. भावजय म्हणते, वन्सं, चार दिवसांत त्याकडे लक्षही जाणार नाही तुमचं.

जेवताना तिने विचारलं की तुमचं काम म्हणजे नेमकं काय. मी तिला पातेलं आणि झाकण घेऊन समजावलं. कोळशातून गॅस सुटतो, त्याला ना रंग ना वास. खाली स्विच दाबला की आत ठिणगी पडते. म्हणून स्विच जाड लोखंडी पेटीत ठेवतात, तिला फ्लेमप्रूफ पेटी म्हणतात. गॅस पेटीत शिरायचा तो शिरणारच, त्याला कोण अडवणार. तो आत पेटलाच तर पेटू दे. पेटी फुटता कामा नये, आणि झाकणाच्या फटीतून बाहेर येता येता आग थंड व्हायला हवी. म्हणून ती फट ठरावीक मापाची लागते. मी ती मोजते. आग आतल्या आत मेली पाहिजे, एवढंच माझं काम. भावजयीने विचारलं, आणि नाही मेली तर? मी म्हटलं, तर तुझ्या नणंदेची नोकरी गेली. तिघंही हसलो.

खरं कारण तिला सांगितलं नाही. धाकटा कोळसा कापायच्या यंत्रावर आहे, आणि ते यंत्र अशाच एका पेटीवर चालतं. दोन महिने इथे तपासनीस नाही, हे तो फोनवर सहज बोलून गेला आणि माझी झोप उडाली. आई गेली तेव्हा तो तिसरीत होता. त्याला मी वाढवलाय. शहरातली प्रयोगशाळा सोडली, आणि सोडली याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

मंगळवार, ४ मार्च

वर्कशॉप पाहिलं. लांबट शेड, एका भिंतीला लेथ, दुसऱ्या भिंतीला दुरुस्तीला आलेल्या पेट्या. फोरमन गोड बोलतो, इतका की मी लगेच सावध झाले. माणसं तीनच लक्षात राहिली: फोरमन, दिवाघरातली बाई जी सगळ्यांचे टोपीचे दिवे देते-घेते, आणि एक म्हातारा फिटर. त्याला सगळे कानस म्हणतात. तब्येतही तशी आणि जीभही तशीच. तीस वर्षं खाली काढली आहेत म्हणे.

फोरमनने मला तपासनिसाची किल्ली दिली. पेट्यांचे बोल्ट साध्या पान्याने निघत नाहीत, तीनकोनी डोक्याचे असतात, आणि ही एकच किल्ली त्यांना लागते. मी ती दोरीत ओवून गळ्यात घातली. कानस माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, किल्लीकडे बघत होता.

माझ्याआधीचे तपासनीस कुठे गेले, हे मी तिघांना वेगवेगळं विचारलं. फोरमन म्हणाला बदली झाली. दिवाघरातली बाई म्हणाली आजारी पडले. कानसने मिठाची गुळणी धरली. एका माणसाबद्दल तीन उत्तरं, आणि त्यातलं एक तर उत्तरच नाही. इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

मग त्यांचं रजिस्टर चाळलं. आम्ही फट शंभरांशात मोजतो आणि नुसता आकडा बोलतो: वीस, तीस. पन्नास म्हणजे अर्धा मिलिमीटर, त्याच्या वर पेटी बाद. या गृहस्थांनी प्रत्येक पेटीपुढे दर आठवड्याला वीस लिहिलंय. वीस, वीस, वीस. वर बसून उंटावरून शेळ्या हाकल्या आहेत सरळ. फक्त सात नंबरच्या पेटीपुढे वेगळं आहे: वीस, चोवीस, एकोणतीस, तेहतीस. तेहतीसनंतर पान कोरं. सात नंबर म्हणजे धाकट्याची पेटी.

गुरुवार, ६ मार्च

पहिल्यांदा खाली उतरले, मदतीला कानस. पिंजऱ्यात मी दांडा घट्ट धरून उभी राहिले. खालची वाट रुंद, चुना मारलेली, पायाखाली रूळ. पुढे ती अरुंद होत जाते आणि चुना संपून काळं सुरू होतं. सहा पेट्या तपासल्या, सगळ्या ठीक. रजिस्टरात वीस तिथे प्रत्यक्षात बावीस, पण ठीक.

सात नंबर सगळ्यात पुढे आहे, माणूस गुडघे दुमडून बसेल एवढी मोठी. धाकटा तिच्याशेजारच्या फळीवर बसून डबा खातो आणि तिच्याशी गप्पा मारतो. तिला तो सातवी म्हणतो. यंत्र सुरू करताना चल ग सातवी म्हणतो, आणि कंटाळा आला की तिला आमच्या लहानपणच्या गोष्टी सांगतो. माझ्या किती चुगल्या केल्यास, असं मी विचारलं, तर म्हणाला सगळ्या.

मी वीज तोडली, ती कुणी परत जोडू नये म्हणून खटक्याला माझं कुलूप घातलं, गॅस मोजला, मग किल्ली काढली. कानस म्हणाला तोंड बाजूला करा, आधी तिला श्वास सोडू द्या. यात नवल काही नाही. पेटी चालताना तापते, आतली हवा बाहेर टाकते, थंड झाली की बाहेरची ओढून घेते. सगळ्याच पेट्या श्वास घेतात. पण पुढे तो म्हणाला की तिच्यासमोर बोलू नका. का, विचारलं तर तो बोल्ट पुसायला लागला.

फट चौतीस. झाकण उघडलं तर आत काजळी. म्हणजे कधीतरी आत गॅस पेटला होता आणि पेटीने तो आत ठेवला. शाबास तिची. पण याची नोंद कुठेही नाही. आणि काजळीत, झाकणाच्या कडेला, चार बोटांचे ठसे. आतल्या बाजूने कडेकडे ओढलेले.

कुणीतरी उघडून बघितलंय आणि गुपचूप बंद केलंय. मी सगळं पुसलं, सोळाच्या सोळा बोल्ट आवळले, आणि तारेत शिशाचं सील घालून ते माझ्या नंबराचा ठसा उठवणाऱ्या चिमट्याने दाबलं. आता कोण हात लावतो बघू.

सोमवार, १० मार्च

सील जसंच्या तसं. फट अडतीस.

उघडली. काजळी पुन्हा होती, आणि काजळीत बोटाने आकडे लिहिले होते, एकाखाली एक: वीस, चोवीस, एकोणतीस, तेहतीस, चौतीस, अडतीस. शेवटचा आकडा मी दोनच मिनिटांपूर्वी मोजला होता, झाकण बंद असताना. रजिस्टरमध्ये अजून चढवलाही नव्हता. पेनाचं टोपणसुद्धा काढलं नव्हतं.

मी कानसकडे पाहिलं. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. तो गॅसचं मीटर बघत होता. म्हणाला, आज गॅस कमी आहे म्हणून उघडू दिलं. उघडू दिलं म्हणे. हा कोण मला उघडू देणारा? माझं डोकंच फिरलं. वर येईपर्यंत मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही.

विचार केला. तीस वर्षांचा माणूस, हाताने वाटेल ते घडवू शकतो. दुसरी किल्ली घासून केली असेल, सीलचा चिमटाही केला असेल. नव्या बाईला घाबरवून पळवायचं. आधीच्याला असंच पळवलं असेल. मला पळवणारा अजून जन्मायचाय.

गुरुवार, १३ मार्च

प्रत्येक बोल्टवर आणि झाकणावर मिळून एक लाल रेघ ओढली. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटेल.

धाकट्याला खोदून विचारलं. तो म्हणाला की कानस पाळी संपली तरी वर येत नाही. सातवीला पाठ लावून बसतो, मांडीवर मोठा पाना घेऊन. दोन महिने चाललंय. त्याला वाटतं म्हातारा एकटा आहे, घरी जाऊन करणार काय. माझा भाऊ भोळा सांब आहे, पहिल्यापासून. मला मात्र यापेक्षा वेगळा पुरावा नको.

फोरमनकडे नवी पेटी मागितली. महिनाअखेरीला येईल म्हणाला. पन्नासच्या आत आहे तोवर चालवा.

सोमवार, १७ मार्च

त्रेचाळीस. सोळाही रेघा अखंड. सील अखंड.

आत आकड्यांखाली एक शब्द होता. ताई. शेवटचा ई धाकट्यासारखा, शेपूट खाली ओढून काढलेला. पाटीवर लिहायचा तेव्हापासून तो तसाच काढतो, मी कितीदा कान पिळलाय त्यासाठी.

वर येऊन मी कानसला शेडमध्ये सगळ्यांसमोर धरलं. माझ्या भावाचं अक्षर गिरवून माझी टिंगल करतोस का, विचारलं. तो चिडला नाही, हेच मला जास्त लागलं. त्याने हातातल्या फडक्याची घडी केली आणि सांगायला लागला. आधीच्या तपासनिसांनाही शब्द सापडला होता. त्यांची मुलगी लहानपणी गेली, ती त्यांना ज्या नावाने हाक मारायची तो. मग एक दिवस गॅस भरलेला असताना ते सातवीपुढे किल्ली घेऊन उभे राहिले, निम्मे बोल्ट काढून. कानसने त्यांच्या हातावर पाना मारला आणि त्यांना ओढत बाहेर आणलं. आता ते मुलाकडे असतात, कुणाशी बोलत नाहीत.

पुढे म्हणाला, आत जी आग पेटली ती मेलीच नाही. बसलीय. ऐकते, शिकते, फट मोजते. फटीतून आली तर थंड होईल, हे तिला कळतं. झाकण कुणीतरी उघडायला हवंय तिला, आणि बाहेर गॅस हवाय. तिला न उघडता जुन्या बोगद्यात ठेवून भिंत घाला, एवढं करा.

तीस वर्षांचा कारागीर मला सांगतो की आग ऐकते. मी काय कालची आहे? पुरावा भिंतीआड गाडायचा आहे त्याला, बाकी काही नाही. आणि तपासनिसावर हात उचलल्याचं स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. मी तिथेच बसून तक्रार लिहिली. फोरमन तर वाटच बघत होता.

बुधवार, १९ मार्च

कानसला खाली उतरायला बंदी झाली. आता वर लेथवर.

संध्याकाळी तो दारात आला होता. मी बाहेर गेले नाही. भावजयीच्या हातात तो मोठा पाना देऊन गेला, धाकट्याने रोज सातवीजवळ ठेवावा म्हणून. भावजय घाबरली. मी पाना शेडमध्ये परत पाठवला. आज निवांत वाटतंय. आता फट वाढते का बघू.

शुक्रवार, २१ मार्च

सत्तेचाळीस.

कानस वर होता, दोन्ही दिवस. मी स्वतः हजेरी बघितली. मग कोण?

फोरमन? त्याला दुसरी किल्ली करून घेणं काय अवघड आहे. कानसला काढायची त्याला एवढी घाई का होती?

धाकटा म्हणाला की आज तो चल ग म्हणाला तेव्हा सातवी चल म्हणाली. मग हसला. थट्टा करतोय म्हणाला. त्याचं हसणं मला आवडलं नाही. जेवताना मी त्याच्या बोटांकडे बघत होते, काजळी दिसते का. कोळसा होता. इथे सगळ्यांच्याच नखात कोळसा असतो. स्वतःच्या भावाची बोटं तपासते आहे मी. लाज वाटली, पण नजर हटेना.

सोमवार, २४ मार्च

एकोणपन्नास. उघडली नाही.

वीज तासभर बंद होती. पेटी गार. गार पेटी हवा आत ओढते. ही बाहेर सोडत होती. गालाला गरम लागलं.

कान लावला. पेटी ताई म्हणाली. म्हणाला. त्याचाच आवाज. वळून पाहिलं तर तो दूर, रुळांच्या वळणावर, कुणाशी तरी बोलत उभा. तिथून इतक्या जवळ आवाज कसा येईल? मी कुणाला काही बोलले नाही. सांगणार कुणाला? प्रत्येकाला काहीतरी माहीत आहे आणि प्रत्येक जण माझ्याकडे बघतोय.

मंगळवार, २५ मार्च

धाकट्याला रजा घे म्हटलं. नाही म्हणाला. मी ओरडले. तोही ओरडला, कधी नव्हे ते. म्हणाला तुझ्या डोक्यात किडा शिरलाय, कानसची माफी माग. कानसने यालाही फितवलंय.

नवी पेटी शुक्रवारी येणार. तीन दिवस. डोळ्यात तेल घालून बसेन.

बुधवार, २६ मार्च

सकाळी १०.१०
पंखा बिघडला. गॅस चढतोय. सगळ्यांना वर जायचा हुकूम. वीज तोडली, सातवर माझं कुलूप. बरोबर लिहिलं ना — हो, माझंच.

१०.२५
पिंजरा गेला. वीस माणसं हवीत. मी पिंजऱ्यातले दिवे मोजले, एकोणीस. धाकट्याचा दिसला नाही. पुन्हा मोजायला वेळ नव्हता. मी मागे राहिले.

१०.३५
पेटीतून. ताई. यांनी मला आत घातलंय. श्वास कोंडतोय.

कोण यांनी? म्हणाला कानस. मग म्हणाला फोरमन. मला माहीतच होतं.

१०.४०
खात्री केल्याशिवाय मी उघडणार नाही. विचारलं, तू लहानपणी कशात अडकला होतास. लगेच म्हणाला, धान्याच्या कोठीत, आणि तू झाकण उघडलंस, आणि आईला सांगितलं नाहीस. हे तिसऱ्या कुणालाही माहीत नाही. आई गेली. मी कधी बोलले नाही. त्याच्याशिवाय कोण —

१०.४५
भिंतीवरचा फोन वाजला. दिवाघरातली बाई. धाकटा वर पोचलाय म्हणे, दिवा विझला होता म्हणून दिसला नसेल. मी त्याला फोनवर मागितलं. बोलला. ताई वर ये, लगेच ये. बारीक, पत्र्यासारखा आवाज. आवाज काय, कुणीही काढेल. फोरमन शेजारी उभा असणार. मी बाहेर यावं आणि तो इथे गुदमरून मरावा, म्हणजे साक्षीदारच नको.

म्हणाला मी खाली येतोय तुला न्यायला. मी फोन लटकत सोडला.

१०.५०
मीटर मर्यादेच्या वर. गॅसमध्ये पेटी उघडायची नाही. माहीत आहे. मीच शिकवते. पण वीज तुटलेली आहे, कुलूप माझं आहे. वीज नाही तर ठिणगी नाही. ठिणगी नाही तर पेटणार काय? आत फक्त माझा भाऊ आहे.

प्रत्येक बोल्टची नोंद ठेवते. नंतर कुणी म्हणायला नको की बाईने घाई केली.

चार निघाले. लोखंड गरम आहे. आत किती उकडत असेल त्याला.

आठ. तो रडतोय. लहानपणी रडायचा तसा, आवाज दाबून. आले रे बाळा, आले.

अकरा. फट साठ. सत्तर. उजेड दिसतोय आतून. त्याचा दिवा असणार. विझला नव्हता. खोटं बोलली ती दिवाघरातली बाई.

चौदा.

मागून कुणीतरी पळत येतंय. दिवा हलतोय. ताई नको, ताई हात लावू नको म्हणून ओरडतंय. आवाज अगदी हुबेहूब काढलाय मेल्याने, क्षणभर मला वाटलं —

पंधरा. एकच राहि